चिंचोक्याची खळ

अविराज गोव्याहून आला तेव्हा एसटीच्या टपावर त्याची फळी बांधलेली होती. शेळगावच्या फाट्यावर गाडी थांबली. कंडक्टर शिडीवर चढून दोर सोडायला लागला आणि वरूनच ओरडला, "आरं, ह्याचं तिकीट फुल का हाफ? मानसापरीस लांब हाय हे!"

गाडीतली माणसं हसली. अविराजही हसला, पण हसता हसता त्याला धाप लागली आणि तो कडेच्या मैलाच्या दगडावर टेकला. फळी उतरवून घ्यायला कुंडलिकच पुढं झाला. दोन वर्षांनी बापानं लेकाला बघितलं ते असं, फळीच्या आडून. गालफडं बसलेली. पाय मात्र सुजलेले, चपलेच्या पट्ट्यात न मावणारे.

"लई बारीक झालास रं."

"तितलं जेवान मासळीचं, आबा. आपल्याला कुटं मानवतंय."

फळी पांढरी होती, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, टोकाला निमुळती. पोटाखाली, शेपटाच्या बाजूला, एका खोबणीत काळं पातं बसवलेलं; माशाच्या पाठीवरच्या पंखासारखं मागं वळलेलं. कुंडलिकनं फळी खांद्यावर घेतली तसं ते पातं खुळखुळलं. घरापर्यंतच्या वाटेवर ते खुळखुळतच राहिलं, पडायला आलेल्या दातासारखं.

कुंडलिकच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. त्यानंही राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन मावळाकडं जायचं, पाऊस तोंडावर आला की परतायचं, आणि घरी असलं की पडवीतल्या खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची. पुढं कालव्याचं पाणी रानोमाळ फिरलं, ऊस आला, चरायला कुरण उरलं नाही. मेंढरं विकली. मागाच्या खड्ड्यात आता कडब्याच्या पेंढ्या असत. अविराज आधी वालचंदनगरला कॅन्टीनमध्ये लागला, तिथून एका दोस्ताच्या नादानं गोव्याला गेला. तिथल्या एका हॉटेलात भांडी घासता घासता किनाऱ्यावर लाटांवर खेळायच्या फळ्या भाड्यानं द्यायचं काम त्याच्याकडं आलं. ही फळी एक गोरा टाकून गेला होता, पातं सैल झालं म्हणून.

"सैल झालं म्हनून टाकून गेला?" ठमाबाईला हे काही पटलं नाही. "आन तू उचलून आनलीस. तुझ्या बापासारखाच हाईस. लंगडं मेंढरू दिसलं की खांद्यावर."

शेजारची साखरबाई फळी बघायला आली आणि दारातच थबकली. तिला जे वाटलं ते तिनं पोटात ठेवलं नाही. "ठमे, असली फळी दारात उभी करू नगं गं बाई. मानूस निजवायची दिसती."

त्याच दिवशी ठमाबाईनं फळी गोठ्यात नेऊन कडब्यामागं ठेवली. पण अविराज संध्याकाळी गोठ्यातच जाऊन बसायचा. आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे, म्हणून फळीला पाठ टेकून बसल्या बसल्याच डोळे मिटायचा. कुंडलिक म्हशीची धार काढता काढता त्याच्याशी बोलत राही.

"काय करायचं आस्तं रं हिच्यावर?"

"लाट आली की पालथं पडून ऱ्हायचं. ती नेती."

"कुटं नेती?"

"काठाला."

"मग काठावरनं आत जायचंच कशाला?"

अविराज हसला आणि छातीवर हात धरून थांबला. मग सावकाश म्हणाला, "आबा, मेंढरं हितनं मावळात न्यायचा आन पुन्यांदा हितंच आनायचा. मी कवा इचारलं का?"

"बरं, बरं. आन ह्ये पातं?"

"ते नसलं तर फळी जाग्यावरच गरागरा फिरती. हानमार हात मारा, फुडं जात न्हाय. ते हाय म्हनून सरळ जाती. मेंढरामागं तुमी चालायचा, तसं हाय ते. मागं कोनतरी लागतंच." तो फळीवरून हात फिरवत राहिला. "आबा, येकदा पान्यावर पडायचं हाय. उजनीचं पानी हाय की आपलं. लाट नसली तर नसू दे. पान्यावर पडलं की माझं मला वजन लागत न्हाय. श्वास सोपा व्हतो."

कुंडलिकनं धारेची चरवी खाली ठेवली आणि हात पुसून पातं धरून बघितलं. इकडं हलवलं, तिकडं हलवलं. खोबण होती बोटभर रुंद आणि पातं त्याहून बारीक. ज्या बोल्टानं ते आवळलेलं असायचं तो बोल्ट गोव्याच्या वाळूत कुठंतरी गेला होता.

"बसवतो," तो म्हणाला. "त्यात काय आवघड हाय?"

ठमाबाई चुलीपुढून ओरडली, "डाक्तर म्हनला पायरीसुदीक चढू नगं, आन ह्ये बापलेक निघाले धरनात! माझ्या जित्तेपनी न्हाय."

तरी दुसऱ्या दिवशी कुंडलिक फळी घेऊन दादासाहेबाच्या मॅटॅडोरमधून वालचंदनगरला गेला. दादासाहेबाची शेळगावात डाळिंबं होती. एक दिवसाआड त्याची गाडी बाजाराला जायची. वाटेत त्यानं विचारलं, "तात्या, ही काय पाटाला दार करताय का?" कुंडलिक म्हणाला, "पोराची हाय." दादासाहेबानं गाडी जरा हळू घेतली. पोराचं गावाला दिसतच होतं.

वालचंदनगरला क्वार्टरमध्ये मोहनराव म्हणून जुने फिटर राहायचे. अविराजच्या कॅन्टीनच्या दिवसांपासूनची ओळख. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून खोबणीत बोट घातलं. "बोल्ट परदेशी मापाचा आहे, तो इथं मिळणार नाही. आणि कुंडलिकराव, पाचर ठोकू नका हं. आत नुसता फोम आहे, थर्माकोलसारखा. लाकडाची पाचर मारलीत की फळी उभी चिरेल. बारामतीला हार्डवेअरच्या दुकानात चिकटवायचं मिळतं, दोन नळ्यांमध्ये. दोन्ही सारखं कालवायचं आणि भरायचं. दगड होतं त्याचं. पाण्यात वर्षभर ठेवा, सुटणार नाही."

"दोन नळ्या," कुंडलिक पाठ करत बाहेर पडला. "सारक्या कालवायच्या."

बारामतीला त्याला दोन दिवसांनी जायचंच होतं. मोठ्या डॉक्टरनं अविराजच्या छातीचा फोटो काढला होता, ठोक्यांची पट्टी काढली होती, आणि या खेपेला तुम्ही एकटेच या असा निरोप दादासाहेबाकडं दिला होता.

डॉक्टर तरुण होता. त्यानं कुंडलिकला बसायला सांगितलं, स्वतः उभाच राहिला. लहानपणी पोराला सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. मावळात, रानात. निर्गुडीचा पाला शेकून बांधला होता आणि पोर आठवड्यानं मेंढरामागं पळायला लागलं होतं. डॉक्टरनं मान हलवली. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली, तो म्हणाला. दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून त्यानं दाखवलं. हे दार असं मिटायला पाहिजे. ते मिटत नाही, सैल राहतं. रक्त मागं येतं.

कुंडलिक त्या पंज्यांकडं बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "सायेब, त्यात काय पाचर-बिचर बसिवता येत न्हाय का?"

डॉक्टर हसला नाही. "बसवतात बाबा. पण ते आधी व्हायला हवं होतं. आता हृदयच फुगलंय. ऑपरेशन सोसणार नाही ते." फोटो पाकिटात घालून तो म्हणाला, "त्याला जे आवडतं ते करू द्या."

कुंडलिक बाहेर आला. रस्त्याला ऊन होतं. तो चालत स्टँडवर आला, गाडीत बसला, गाडी भिगवण रस्ता सोडून इंदापूरकडं वळली, उसाचे फड मागं गेले. शेजारच्या म्हाताऱ्यानं तंबाखू पुढं केली ती त्यानं घेतली आणि मुठीत तशीच धरून ठेवली. शेळगावच्या फाट्यावर उतरला तेव्हा मुठीत तंबाखूचा चिखल झाला होता.

ठमाबाई दारात उभी होती. "काय म्हनला डाक्तर?"

"गोळ्या दिल्यात. भारी हाईत आदीपरीस."

"आन नळ्या? पोरानं सकाळधरनं डोकं उठिवलंय माझं, आबा नळ्या आनत्याल म्हनून."

कुंडलिकनं कोपरीचा खिसा चाचपला. दुसरा खिसा चाचपला. मग पिशवी पालथी केली. गोळ्यांची पाकिटं आणि केळी.

"इसरलो," तो म्हणाला.

ठमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. हा माणूस दिवस मावळताना एवढ्या कळपावर नुसती नजर फिरवून सांगायचा, टिपक्याचं कोकरू आलं न्हाय, ओढ्यात ऱ्हायलं. कुणाकडं मीठ सांगितलं, कुणाची पाठवलेली विळी, सात गावांचे निरोप ह्याच्या डोक्यात. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा काही विसरून आलेला तिनं पाहिला नव्हता.

"तुमी इसरला?"

त्यानं मान खाली घातली आणि केळी पुन्हा पिशवीत भरायला लागला.

ती वळली. आत गेली, चुलीतलं लाकूड उगाच पुढं-मागं केलं, आणि पदर तोंडाशी धरून बराच वेळ तशीच बसली. गोठ्यातून अविराजचा आवाज आला, "आबा आलं का गं?" तेव्हा तिनं घसा साफ केला. "आलं. दुकान बंद हुतं म्हनं."

सकाळी कुंडलिक म्हणाला, "पुन्यांदा जातो बारामतीला."

"नगं," ठमाबाई म्हणाली. "कशाला जाताय? खळ करू."

उतरंडीतलं मडकं तिनं आधीच खाली घेतलं होतं. त्यात चिंचोके होते. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवला की सुताला चिंचोक्याची खळ द्यायची, मग लोकर काठीसारखी ताठ होते. या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलेलं. माग थांबला, तरी दर चैत्रात चिंचा फोडल्या की ती चिंचोके मडक्यात टाकत राहिली होती.

"पान्यात टिकल का गं?"

"च्यार म्हैने पावसात घोंगडं असायचं तुमच्या पाठीवर. कवा सुटली खळ?"

हे खरं होतं. कुंडलिकला एकदम हुरूप आला. खांद्यावर घोंगडं आणि वर धो धो पाऊस. पाणी लोकरीवरून नुसतं घरंगळून जायचं. ठरलं मग.

ठमाबाईनं चिंचोके भाजले, त्यांची काळी टरफलं काढली आणि जात्याला बसली. चिंचोका कठीण. जातं जड फिरत होतं. हात फिरायला लागला तशी तिच्या तोंडात आपोआप ओवी आली.

*जात्यात घातिला, न्हाई जोंधळा न्हाई गहू,*
*पान्याला निगाला बाळ, त्येला शिदोरी काय देऊ…*

आपल्याच तोंडातून काय आलं ते तिला ऐकू आलं आणि खुंट्यावरचा हात थांबला. मग तिनं ओवी सोडली आणि नुसतंच दळलं.

पीठ शिजवून कुंडलिकनं घट्ट खळ केली. खुंटीवरून आपलं घोंगडं काढलं. त्याच्याच हातचं शेवटचं, काळ्याभोर जावळाच्या लोकरीचं. विणलेल्या घोंगड्याला त्यानं जन्मात कात्री लावली नव्हती. काठाची एक पट्टी कापली, खळीत भिजवली, पात्याच्या बुडाला गुंडाळली आणि पातं खोबणीत दाबून बसवलं. पातं कुरकुरत आत गेलं. फटीत वरून आणखी खळ भरली, अंगठ्यानं लिंपली, जशी ताण्यावर कुंच्यानं लिंपतात तशी, एकाच दिशेनं.

अविराज दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होता. एकदा त्याचे ओठ हलले. त्यानं आईकडं बघितलं. तिच्या हाताला कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. त्यानं ओठ मिटले.

दोन दिवस ऊन खाऊन खळ दगडासारखी झाली. कुंडलिकनं पातं हलवून बघितलं. हलेना. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी घरंगळून गेलं.

"बघ," तो लेकाला म्हणाला. "फिटर काय म्हनतोय नळ्या. आपल्या घरात काय कमी हाय?"

"लई घट झालंय, आबा," अविराज म्हणाला.

दादासाहेबानं डाळिंबाचे क्रेट उतरवून मॅटॅडोरमध्ये वाकळ अंथरली. इंदापूरच्या पुढं धरणाचा फुगवटा जिथं शेतांना येऊन भिडतो, तिथं ते चौघं सकाळचे पोचले. दादासाहेब वर गाडीपाशीच थांबला. माघाचे दिवस. पाण्यावर पातळ धुकं, आणि लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी चिखलात माना घालून उभे. काठाला तात्याबा नावाचा कोळी जाळं सोडवत बसला होता. त्यानं फळी बघितली, अविराजचे सुजलेले पाय बघितले आणि विडी विझवली.

"लांब जाऊ नगा. हितं खाली आमच्या वाडवडलांची रानं हाईत. मदी येक इहीर बी हाय."

कुंडलिकनं अविराजला दंडाला धरून पाण्यात नेलं. गुडघाभर पाण्यात फळी टेकवली. अविराज तिच्यावर पालथा पडला, गाल फळीवर ठेवला, आणि बापाला पहिल्यांदा दिसलं की पोराची पाठ सावकाश वर-खाली होतेय. गेले कितीक दिवस ती नुसती थरथरत होती. अविराजनं दोन्ही हात पाण्यात सोडले आणि अलगद मारले.

फळी निघाली. ओळंब्यासारखी सरळ. मागं एक बारीक रेघ सोडत.

"बसलं बघ!" कुंडलिक ओरडला. त्यानं काठाकडं वळून बघितलं. ठमाबाई पट्टी कापलेलं घोंगडं छातीशी धरून उभी होती. "ठमे, बसलं! बघ की कशी जाती!"

"धोतार सावरा," ठमाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

अविराज बराच पुढं गेला. मग फळीचं शेपूट जरासं डगमगलं.

कुंडलिकला आधी वाटलं, पोरानंच वळवली. पण शेपूट पुन्हा इकडून तिकडं गेलं. फळीमागं पाण्यात पांढरट ढग उतरत होता, ताकासारखा. त्यातून काळ्या लोकरीची पट्टी वर आली आणि उलगडत उलगडत तरंगायला लागली. पावसाचं पाणी घोंगड्यावरून वाहून जायचं. हे पाणी वाहून जात नव्हतं. ते खळीला धरून बसलं होतं. कुंडलिकला हे कळलं तोवर पातं सुटून खाली गेलं होतं आणि फळी जाग्यावर फिरायला लागली होती. अविराजनं एका अंगाला हात मारला, दुसऱ्या अंगाला मारला. दोन-चार हातांतच त्याचा दम संपला. डोकं फळीवर आपटलं.

कुंडलिक पाण्यात घुसला. त्याला पोहता येत नव्हतं. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं, पायाखाली गाळ, आणि एकदम काही नाही. तो धडपडला.

"पाव्हनं!" काठावरून तात्याबा ओरडला. "डाव्या अंगाला बांध हाय! बांधाबांधानं जावा! म्या होडी आनतो!" त्याची होडी पलीकडं वळणाला बांधलेली होती, तो तिकडं पळाला.

कुंडलिकनं डावीकडं पाय टाकला. पायाला दगड लागले. बुडालेल्या रानाचा बांध. कोण्या घराचा, कोण्या भावाभावांनी भांडून घातलेला. उभी हयात तो बांधावरून चालला होता. डोळे मिटूनही त्याच्या पायांना बांध कळायचा. पाणी छातीला लागलं तरी तो चालत राहिला आणि फळीपाशी पोचला. शेपूट दोन्ही हातांनी धरलं. फळी थांबली.

"अवि."

अविराज बोलू शकत नव्हता. त्यानं नुसतं बोट हलवलं. थांबा. बराच वेळ तो गाल टेकून पडून राहिला. ओठ निळे झाले होते. मग पाठ पुन्हा सावकाश हलायला लागली.

"खळ सुटली रं," कुंडलिक म्हणाला. "पानी लागलं आन सुटली. मला वाटलं…"

"मला म्हाईत हुतं."

"मग बोलला न्हाईस?"

"आय दळीत हुती." अविराजनं डोळे मिटले. "चला की आबा थोडं. धरून."

कुंडलिक चालायला लागला. पुढं फळी, मागं तो, पाण्याखालच्या बांधावरून. फळी सरळ जात होती. काठावरून ठमाबाईची हाक आली, "फिरा आता मागारी!" पण ती हाक लांबची होती. धुकं उठलं होतं. पुढं सगळं पाणीच पाणी, उन्हात पांढरं.

मग पायाला दगड लागेनासे झाले. कुंडलिकनं अंगठ्यानं पुढं चाचपलं. बांध संपला होता. पुढं खोल होतं.

"का थांबला?"

"बांध सरला."

अविराज सावकाश उताणा वळला. तेवढ्यानंही त्याला धाप लागली. आभाळाकडं बघत म्हणाला, "सोडा मग जरा."

"न्हाय."

"सोडा, आबा. पातं न्हाय तिला. कुटं जातीय? हितंच फिरल."

कुंडलिकनं एक हात काढला. मागं कुठंतरी होडीच्या वल्ह्याचा आवाज सुरू झाला होता. मग त्यानं दुसरा हात काढला, पण बोटं पाण्यातच ठेवली, फळीच्या कडेला लागतील न लागतील अशी. फळी हळूहळू वळली. लेकाचा चेहरा आधी बापाकडं होता, मग काठाकडं गेला, मग खोल पाण्याकडं, आणि बापाला नुसते त्याचे ओले केस दिसले.

बांधाच्या टोकावर, हनुवटीपर्यंत पाण्यात, कुंडलिक तो चेहरा फिरून यायची वाट बघत उभा राहिला.